इंजिनावरचं कुंकू

चांदोरकर काकूंना पाचला चहाला बोलावलं, की आमची बेल पावणेपाचला वाजायची. दार उघडावं तर काकू कडक इस्त्रीच्या सुती साडीत, हातात झाकण लावलेला एखादा डबा, आणि चेहऱ्यावर लवकर आल्याचा संकोच अजिबात नाही. "मी लवकर आलेय, मला माहीत आहे. तू तुझं आवर, मी बसते," असं म्हणून त्या सरळ बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसायच्या. पहिल्या दोन-तीन वेळा मी ओल्या केसांनी, एका हातात केरसुणी आणि दुसऱ्या हातात सोफ्यावरचे कपडे अशा अवतारात त्यांचं स्वागत केलं. मग मी शहाणी झाले आणि त्यांना सव्वापाचची वेळ द्यायला लागले. त्या साडेचारला यायला लागल्या. मी काय केलंय हे त्यांनी ओळखलं होतं, आणि त्याची शिक्षा म्हणून आणखी पंधरा मिनिटं.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी आणि अनिरुद्ध लग्नानंतर इथे राहायला आलो तेव्हा काकू आणि काका खालच्या मजल्यावर होते. काकू केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात आकडेवारीच्या विभागातून निवृत्त झालेल्या, आणि काका नकाशांच्या कामातून. दोघं तरुणपणी नाशिकहून दिल्लीला आले, सरकारी क्वार्टर्समध्ये आयुष्य काढलं आणि निवृत्तीला नोएडात फ्लॅट घेतला. फ्लॅटमध्ये शोभेचं असं काही नव्हतं. शोभेची वस्तू बेसमेंटमध्ये होती. मोतिया रंगाची पद्मिनी, सगळ्या पांढऱ्या मोठ्या गाड्यांच्या रांगेत अंग चोरून उभी.

ती गाडी काकूंची होती. काकांची नव्हे, काकूंची. हे मला समजायला वेळ लागला, कारण एका रविवारी मी पहिल्यांदा त्या दोघांना बॉनेट उघडून काम करताना पाहिलं तेव्हा वाकलेले काका होते आणि काकू शेजारी वेताच्या मोड्यावर बसल्या होत्या. जवळ गेल्यावर कळलं की काका फक्त सांगितलेलं करत होते. "पाना तिरका धरू नका. आता उजवीकडे. थांबा म्हटलं की थांबा." काका पुढच्या बंपरमधून लांब लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवत होते, आणि काकूंनी एक प्लग काढलेल्या भोकावर स्वतःचा अंगठा घट्ट दाबून धरला होता. डोळे मिटलेले. मी काहीतरी बोलायला गेले तर काकांनी ओठांवर बोट ठेवलं. जरा वेळाने काकू म्हणाल्या, "आली." काका तिथेच थांबले. काय आली, कुठून आली, मला काही कळलं नाही.

चहाच्या वेळी काकूंनी मला ते समजावलं. गाडीत डिस्ट्रिब्यूटर नावाचा एक डबा असतो आणि तो म्हणजे पंगतीतला वाढपी. चार सिलिंडर म्हणजे चार पानं. वाढपी एकच, आणि वाढायची आहे ती ठिणगी. क्रम ठरलेला असतो, एक, तीन, चार, दोन. वाढप्याने चुकीच्या पानासमोर उभं राहून चालत नाही. "आणि वेळेवर वाढूनही चालत नाही," काकू म्हणाल्या. "वेळेच्या किंचित आधी वाढायला लागतं. पेट घ्यायला वेळ जातो ना. पिस्टन वर पोचल्यावर ठिणगी दिली तर उशीर झालेला असतो."

काका बशीतला चहा फुंकत म्हणाले, "हे इंजिनाबद्दल आहे असं समजू नकोस. हे माझ्याबद्दल आहे."

काका म्हणजे उशीर. नाटकाची पहिली घंटा, लग्नाच्या मंगलाष्टका, गाडीची शिट्टी, या सगळ्या गोष्टी काकांनी आयुष्यात फक्त ऐकीव माहितीवर स्वीकारल्या होत्या. काकू त्यांना प्रत्येक गोष्टीची आधीची वेळ सांगायच्या. काकांना ते ठाऊक असल्यामुळे ते तेवढी वेळ बेरजेत धरून निवांत दाढी करायचे. या एका विषयावर दोघं चाळीसेक वर्षं भांडले असावेत, आणि त्या भांडणात दोघांनाही कुठे पोचायचं होतं असं मला वाटत नाही.

कुंकवाची गोष्ट काकांनी सांगितली. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते, ही गाडी काकूंनी स्वतःच्या पगारावर जुनी घेतली होती, आणि दोघं भरतपूरला पक्षी बघायला निघाले होते. मथुरेच्या पुढे गाडी बंद पडली. काकूंनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक इतक्या वेळा वाचलं होतं, की डिस्ट्रिब्यूटर काढून साफ करायचा हे त्यांना कळलं. काढण्याआधी आतला काटा कुठे बघतोय आणि डबा कसा बसलाय याच्या खुणा केल्या पाहिजेत, नाहीतर परत बसवताना सगळं मुळापासून करावं लागतं, हेही कळलं. पण खूण करणार कशाने. खडू नाही, रंग नाही, पेन्सिल ग्रीज लागलेल्या लोखंडावर उठेना. मग काकूंनी पर्समधून सासूबाईंनी दिलेला चांदीचा करंडा काढला. तेलात कालवलेलं कुंकू. काकांनी बोट बुडवून डब्यावर एक रेघ ओढली आणि तीच रेघ खाली इंजिनाच्या अंगावर वाढवली.

"खूण झाली," काका म्हणाले, "आणि बोटावर कुंकू उरलं. पुसायला फडकं सापडेना. मग म्हटलं, याची एक ठरलेली जागा आहे की." त्यांनी ते काकूंच्या कपाळावर पुसलं होतं.

तेव्हापासून ती रीतच पडली. काकू रोज कुंकू लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. ऑफिसात घामाने ओघळायचं म्हणून सुरुवातीलाच सोडलं होतं आणि टिकलीची त्यांना खाज यायची. पण करंडा गाडीच्या हत्यारांच्या पेटीत राहायला गेला. डिस्ट्रिब्यूटर उघडायचा म्हटलं की काका रेघ ओढायचे आणि उरलेलं बोट काकूंच्या कपाळाला पुसायचे. त्यांचं लक्ष इंजिनाकडे असायचं, त्यामुळे ते कधीच मधोमध लागायचं नाही. त्या रविवारीही काकू आमच्याकडे आल्या त्या कपाळावर डावीकडे सरकलेला, काळपट तेलकट ठिपका घेऊन. मला वाटलं ग्रीज लागलंय. मी रुमाल पुढे केला तर काकू म्हणाल्या, "राहू दे. ते त्यांचं काम आहे."

पुढे काका आजारी पडले आणि गेले. भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी, अशा वेळी बोलतात तसं, म्हणालं की आयुष्यभर उशीर केला आणि जाताना मात्र घाई केली. काकूंनी मान वर केली. "छे. डॉक्टर म्हणाले होते रात्र निघणार नाही. हे त्यानंतर तीन दिवस राहिले. तिथेही उशीरच." खोलीतल्या लोकांना हसावं की नाही ते कळेना. मला हसू आलं आणि मग घरी येऊन मी खूप रडले.

त्यानंतरच्या संक्रांतीला मी त्यांना हळदीकुंकवाला मुद्दाम बोलावलं. त्या आल्या, अर्थात आधीच. मी करंडा घेऊन त्यांच्यासमोर जरा घुटमळले. मला लावायचं होतं, आणि त्यांना काय वाटेल ते कळत नव्हतं. काकूंनीच माझा हात हलकेच बाजूला केला. "मला कोणी नको म्हटलेलं नाही, मुग्धा. कोणी म्हटलं असतं तर मुद्दाम लावलं असतं. पण सवय नाही ग मला. मला कधी स्वतःच्या हाताने लावायची वेळच आली नाही."

गाडीवरचं प्रेम मात्र काकूंनी एकटीने चालू ठेवलं. एव्हाना दिल्लीत आणि आसपास जुन्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद झाला होता. काकू नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. गेटबाहेर त्यांनी गाडीचं चाक टेकवलं नाही. पण गेटच्या आत नियम नव्हता. दर रविवारी सकाळी पद्मिनी बेसमेंटचा चढ चढून वर यायची आणि सोसायटीच्या आतल्या रस्त्यावरून दोन फेऱ्या मारायची. वळणावर काकू खिडकीतून हात बाहेर काढून वळण्याची खूण करायच्या. मागे कोणी नसायचं. गेटजवळच्या दूध केंद्रावर जायला त्या लिफ्ट द्यायच्या, आणि ते अंतर चालत गेलं तर लवकर पोचता येत असलं तरी कोणी नाही म्हणायचं नाही. आमच्या सोसायटीतली मोठमोठ्या पदांवरची माणसं हाफ पँटमध्ये, हातात दुधाची पिशवी धरून त्या मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. गेटवरचा गार्ड रामबीर दर वेळी विचारायचा, "आंटीजी, आज कितने का ऐवरेज दे रही है?" काकू म्हणायच्या, "भैया, घर की है. पूछते नहीं."

काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले आणि साखर वाढली तेव्हा त्यांच्या मुलीने, मृणालने, पुण्याला यायचा आग्रह धरला. काकूंनी फार ताणलं नाही. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं, सामान वाटलं गेलं. प्रश्न गाडीचा होता. मृणाल वाईट मुलगी नाही, पण आकडेवारीच्या बाईची मुलगी आहे. ती फोनवर स्पष्ट म्हणाली, "आई, चालती गाडी असेल तर माझ्या बंगल्यात शेड आहे, आण. बंद गाडी मला अंगणात नकोय. बंद असेल तर तिथेच भंगारात दे, प्लीज. मी नंतर तुला रडताना बघणार नाही." वाहतुकीच्या ट्रकवाल्याचंही तेच. गाडी स्वतःच्या पायांनी फळीवर चढली पाहिजे, ढकलून चढवायची जबाबदारी तो घेणार नव्हता. परराज्यात न्यायचा कागद हातात आला होता. ट्रक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

आणि नेमकी गाडी खोकायला लागली होती. काकूंचं निदान असं, की डिस्ट्रिब्यूटरच्या आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणारे दोन पत्रे, खराब झालेत. काका गेल्यापासून तो उघडलाच नव्हता. अष्टमीला काकूंनी खुणा केल्या, डबा काढून घरी नेला, आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पॉइंट घासत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या दिल्लीत ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेल्या. तो दिवस खंडेनवमीचा होता.

इथे माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. अनिरुद्ध दिल्लीत वाढला. मराठी बोलतो, पण अर्धे शब्द त्याला आईला फोन करून विचारावे लागतात. खंडेनवमीला तो "टूल्सची पूजा" म्हणतो. आपलं काहीतरी सुटत चाललंय याची त्याला फार काळजी असते, त्यामुळे सणाला तो आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त मराठी होतो. काकूंच्या गाडीची नोएडातली ही शेवटची खंडेनवमी, आणि काकू घरी नाहीत, म्हणजे पूजा राहणार, हे त्याला सहन होईना. गाडीची दुसरी किल्ली आमच्याकडे असायची. त्याने बॉनेट उघडलं, तर इंजिन तेलकट. पूजेला बसवायचं म्हणजे आधी आंघोळ नको का. त्याने फडकं आणि रॉकेल घेऊन सगळं इंजिन असं चकाचक पुसलं, की मला फोटो पाठवला. मग सगळीकडे हळदीकुंकवाची बोटं उठवली, झेंडूचा हार घातला. समोर रांगोळीला जागा नव्हती म्हणून रामबीरला बोलावून दोघांनी गाडी मागे ढकलली. गाडी गिअरमध्ये होती, त्यामुळे बराच जोर लावावा लागला, असं त्याने मला संध्याकाळी अभिमानाने सांगितलं.

दसऱ्याच्या सकाळी काकू साफ केलेला डिस्ट्रिब्यूटर मऊ फडक्यात गुंडाळून खाली आल्या. अनिरुद्ध आणि मी सोनं द्यायला गेलो होतो, तसेच त्यांच्याबरोबर बेसमेंटमध्ये उतरलो. काकूंनी बॉनेट उचललं. आत पंधरा-वीस ठिकाणी कुंकू होतं आणि एकही खूण नव्हती.

काकूंनी झेंडूचा हार सरळ केला. मग म्हणाल्या, "छान केलीस रे पूजा."

अनिरुद्ध खूश झाला. मी नाही झाले, कारण मी काकूंचा हात बघत होते. तो इंजिनाच्या कडेवर सरकत सरकत एका जागी थांबला, जिथे आता लोखंड स्वच्छ होतं. "इथे रेघ होती," त्या म्हणाल्या. "परवा मी नुसती गिरवली. खालची त्यांची होती."

अनिरुद्धचा चेहरा असा झाला, की मला त्याच्यावर ओरडताही येईना. तो काही बोलायच्या आत काकूंनी मोडा ओढला आणि पदर खोचला. "चल. मुळापासून करू. त्याला काय."

मुळापासून म्हणजे काय ते मला आता ठाऊक होतं. खुणा गेल्या होत्याच, आणि गिअरमधली गाडी ढकलल्याने इंजिनही जागचं फिरलं होतं. एक नंबरचा पिस्टन हवा दाबत वर येतो तो क्षण धरायचा. इंजिनाच्या पुढच्या चाकावरची खाच तेव्हा वरच्या खुणेसमोर येते. पण ती खाच समोर येते दोनदा, एकदा पिस्टन कामासाठी वर येतो तेव्हा आणि एकदा नुसता धूर बाहेर टाकायला येतो तेव्हा. कुठलं कुठलं, हे फक्त प्लगच्या भोकावर ठेवलेल्या अंगठ्याला कळतं. कामाच्या वेळी हवा अंगठ्याला ढकलते. काकूंनी अंगठा ठेवला, मी हँडल फिरवलं, आणि काकूंनी डोळे मिटले. मी फिरवत राहिले. त्यांनी डोळे उघडले. "साखरेने बोटांची टोकं बधिर झालीत ग," त्या म्हणाल्या. "मला काही कळत नाहीये."

"मी ठेवतो अंगठा," अनिरुद्ध म्हणाला. त्याला प्रायश्चित्त हवंच होतं.

मी फिरवलं. काकूंनी विचारलं, "आली का?" अनिरुद्ध म्हणाला, "आली, आली." काकूंनी खाच जुळवली, डिस्ट्रिब्यूटर बसवला, कॅप लावली, वायरी घातल्या, आणि गाडीत बसून किल्ली फिरवली. गाडीने वरच्या बाजूने असा एक बार काढला, की बेसमेंट घुमलं आणि रामबीर चढावरून धावत आला. काळा धूर, पेट्रोलचा वास. काकूंनी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा बार. त्या शांतपणे उतरल्या.

"धुराच्या फेरीवर बसलंय. अनिरुद्ध, खरंच ढकललं होतं का अंगठ्याला?"

"म्हणजे थोडंसं वाटलं, काकू."

"थोडंसं नसतं ते."

"तुम्ही इतक्या आशेने विचारलंत," तो खाली बघत म्हणाला, "मग मी हो म्हटलं."

तेवढ्यात मृणालचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "आई, झाली का चालू? बघ हं, नसेल होत तर मी आत्ता इथून भंगारवाल्याला सांगते, तुला काही करायला नको. खरंच, आई. तू दमू नकोस." तिचा आवाज फार मायेचा होता. काकू म्हणाल्या, "होतेय," आणि फोन ठेवला. मग पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. मोड्यावर बसून त्या समोरच्या झेंडूच्या हाराकडे बघत राहिल्या. ही गाडी आता भंगारात जाणार, असं मला वाटलं.

"काकू, मी ठेवते अंगठा," मी म्हटलं.

"तूही हो म्हणशील." त्या रागावून बोलत नव्हत्या. "हे गेल्यापासून सगळे मला हो म्हणतात. दूधवालासुद्धा हो म्हणतो. एक ते होते, मी लाख म्हटलं आली का, तर म्हणायचे, मला काय माहीत, अंगठा तुझा आहे." त्या उठल्या. हारातली एक घट्ट, न उमललेली झेंडूची कळी त्यांनी तोडली, आत पाकळी पडायला नको म्हणून मलमलच्या चिंधीत गुंडाळली, आणि प्लगच्या भोकावर बुचासारखी बसवली. "हिला माझी कीव येणार नाही. फिरव."

मी फिरवलं. इंजिनाच्या चाकावरची खाच हळूहळू वर आली, खुणेसमोर आली, पुढे गेली. कळी जागची हलली नाही. अनिरुद्धचा श्वास मला ऐकू येत होता. "हा धूर," काकू म्हणाल्या. "थांबू नकोस." हँडल जड व्हायला लागलं. मी दोन्ही हातांनी जोर लावला, आणि फट्‌ आवाज करून कळी उडाली ती अनिरुद्धच्या छातीवर जाऊन आपटली. नव्या कुर्त्यावर तेलाचा डाग पडला. काकू हसल्या. तोंडावर हात न घेता, खळखळून, आणि मी त्यांना काकांनंतर असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आली," त्या म्हणाल्या.

मग घाई नव्हती. खाच सावकाश खुणेजवळ आणली, डिस्ट्रिब्यूटर काढून परत बसवला, आतला काटा एक नंबरच्या पानासमोर. दोन वायरी लावलेला एक छोटा बल्ब काकूंनी अनिरुद्धच्या हातात दिला. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो, आणि तोच ठिणगीचा क्षण. काकू डबा केसभर केसभर फिरवत गेल्या. बल्ब पेटला. अनिरुद्ध म्हणाला, "पेटला." मग स्वतःच घाईने म्हणाला, "खरंच पेटलाय, काकू, तुम्ही बघा." काकूंनी बघितलं, डबा आणखी जरा मागे घेतला आणि नट आवळला.

"किंचित आधी," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. कुठे खोकली नाही. रामबीर म्हणाला, "लो जी, बोल पड़ी." आम्ही आपट्याची पानं तिथेच एकमेकांना दिली. अनिरुद्ध काकूंच्या पाया पडला आणि बराच वेळ उठेना, तेव्हा काकूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुरे. पुढच्या वर्षी तुझ्या लॅपटॉपची कर पूजा. रॉकेल नको लावू फक्त."

दुसऱ्या दिवशी ट्रक ठरल्या वेळी आला तेव्हा पद्मिनी गेटच्या आत केव्हाची येऊन उभी होती. ट्रकवाल्याने फळ्या अशा टाकल्या, की गाडीचं चाक रस्त्याला न लागता सोसायटीच्या फरशीवरून थेट वर चढावं. हा हट्ट काकूंचा. त्या स्वतः चढवणार म्हटल्यावर तो "माताजी, रहने दीजिए" म्हणत होता. पण काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढून सरळ जाण्याची खूण केली आणि गाडी एका दमात वर नेली. आतून त्या लगेच उतरल्या नाहीत. इंजिन चालू होतं. ट्रकवाला म्हणाला, "बंद कर दीजिए जी." काकूंनी आणखी जरा ऐकलं आणि बंद केलं.

मग त्यांनी बॉनेट उचललं. हत्यारांच्या पेटीतून करंडा काढला, बोट बुडवलं, आणि डिस्ट्रिब्यूटरवरून खाली इंजिनापर्यंत एक रेघ ओढली. वरून मला म्हणाल्या, "तिकडे कोण उघडेल कोण जाणे. त्याला कळायला हवं, कुठे बसतं ते." बॉनेट लावलं. ट्रकवाला चाकांना साखळ्या घालत होता. काकू बोट हवेत धरून उभ्या राहिल्या. नेहमीचं फडकं आदल्या दिवशीच बाकीच्या सामानाबरोबर गेलं होतं. मी रुमाल काढला, वर धरला. त्यांनी तो पाहिला, आणि घेतला नाही.

त्या पद्मिनीच्या छोट्या आरशापुढे वाकल्या. बोट कपाळाला टेकवलं. नीट सरळ होऊन पुन्हा आरशात बघितलं. कुंकू मधोमध लागलं होतं, अगदी बरोबर. काकूंनी ते जरा वेळ बघितलं. मग अंगठ्याने, ज्याला आता काही कळत नव्हतं त्याच अंगठ्याने, ते हलकेच डावीकडे सरकवलं.